दृक्प्रत्यय आणि पाठांतर : दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’च्या निमित्ताने

(१)

विज्ञान आणि तंत्रविद्या यांच्या अभ्यासक्रमात देशी ज्ञानास स्थान असावे, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. तथापि तिला शासकीय धोरणाचे बळ मिळाले ते अलीकडे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरांचा अंतर्भाव, जेथे तो प्रस्तुत असेल तेथे आणि शास्त्रीय पद्धतीने, शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर व्हावा असे म्हटले. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेत या कामासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एकूण अनिवार्य श्रेयांकांपैकी किमान ५ टक्के श्रेयांक या विषयाचे घेण्यास उत्तेजन द्यावे, अशी शिफारस आहे. म्हणजे देशी ज्ञान वर्गात आणावे की नाही, हा प्रश्न व्यवहारतः निकालात निघाला आहे. उरला आहे तो ते कोणत्या रूपाने आणावे, हा प्रश्न; आणि वस्तुतः तोच अधिक कठीण आहे.

आजवर हे ज्ञान वर्गात ज्या रूपाने येते ते बहुधा यादीचे असते. शून्य कोणी दिले, पृथ्वीचे परिभ्रमण प्रथम कोणी सांगितले, शस्त्रक्रिया कोणी केली, अशा अग्रपूजेच्या मानांची ती यादी होय. यादी खरी असली तरीही तिच्यातून विज्ञान शिकता येत नाही. कारण आर्यभटाने पृथ्वी फिरते असे म्हटले हे पाठ केल्याने ती फिरते असे त्यास का वाटले, आणि ब्रह्मगुप्ताने त्यावर कोणते आक्षेप घेतले, हे विद्यार्थ्यास कळत नाही. निष्कर्ष हाती येतो, पण ज्या विचारातून तो निघाला तो विचार हाती येत नाही. शिवाय यादीच्या पद्धतीस खऱ्याखोट्याची निवड करण्याचे साधनच नसल्यामुळे तीत काहीही घुसू शकते, हा दुसरा आणि अधिक गंभीर दोष आहे.

या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच भाषेतील एक ग्रंथ फारसा कोणी समोर ठेवीत नाही, याचे नवल वाटते. तो म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा १८९६ मध्ये पुण्यास प्रसिद्ध झालेला ग्रंथ. इतिहासाचा आधारग्रंथ म्हणून त्याचा उल्लेख वारंवार होतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार शिक्षणाच्या दृष्टीने करावयाचा आहे. देशी शास्त्र विज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढे कसे मांडावे याचा एक नमुना या ग्रंथात आहे, आणि त्या नमुन्याच्या काही मर्यादाही त्यातच दिसतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

(२)

दीक्षित (१८५३–१८९८) हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीनजीकच्या मुरूडचे. त्यांचे इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. नोकरी सर्वस्वी शाळाखात्यातील. विद्यापीठाशी किंवा वेधशाळेशी त्यांचा अधिकृत संबंध असा नव्हता. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या पारितोषिकाच्या निमित्ताने हाती घेतलेल्या या कामात त्यांनी वेदकाल, वेदांगकाल आणि सिद्धांतकाल असा सर्व विस्तार घेतला, आणि आपल्या काळी चालू असलेल्या पंचांगांची चिकित्साही त्यातच केली. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही बाहेर पडला. पुढे १९५७ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’चे हिंदी भाषांतर झाले, आणि रा. वि. वैद्य यांनी केलेले इंग्रजी भाषांतर त्यानंतर दोन भागांत निघाले.

ग्रंथकाराची शिक्षकी वृत्ती ग्रंथात सर्वत्र जाणवते. एखादे विधान करावयाचे झाले म्हणजे दीक्षित प्रथम मूळ वचन देतात, मग त्याचा अर्थ लावतात, मग त्या अर्थावरून गणित करतात, आणि शेवटी त्या गणिताचा मेळ आकाशाशी बसतो की नाही ते पाहतात. या चार पायऱ्या उघड्या असल्यामुळे वाचकास कोणत्याही पायरीवर थांबून शंका घेता येते. शतपथब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे विधान आहे. ते प्रत्यक्ष पाहून केलेले असेल तर त्या काळी कृत्तिका विषुववृत्तावर असल्या पाहिजेत, आणि अयनचलनाच्या गतीवरून तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे येतो, हा त्यांचा सुप्रसिद्ध युक्तिवाद याच पद्धतीचा आहे.

हा युक्तिवाद सर्वमान्य झालेला नाही. अग्न्याधानाच्या संदर्भात आलेल्या विधानावर वेधाचा इतका भार टाकावा काय, अशी शंका घेता येते. दुसरी शंका गणिताचीच आहे. नुसत्या डोळ्यांनी ठरविलेल्या पूर्वेत क्षितिजावर दोन-तीन अंशांचा फरक सहज राहू शकतो, आणि कृत्तिकांच्या बाबतीत तेवढा फरक म्हणजे काळात तीन ते पाच शतकांचा फरक होय. परंतु लक्षात घेण्यासारखे असे की, ही शंका घेण्याची सामग्री दीक्षितांनीच आपल्या हाती दिली आहे. ज्या प्रतिपादनाचे खंडन त्याच्याच मांडणीतील आकड्यांनी करता येते, ते प्रतिपादन विज्ञानाच्या वर्गात आणण्यास योग्य होय. चुकीचे ठरले तरी ते शिकविण्याजोगे राहते.

(३)

ग्रंथातील सिद्धांतकालाच्या भागात केशव आणि गणेश या पितापुत्रांची जी हकीकत आली आहे ती आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते. कोकणच्या किनाऱ्यावरील नांदगावचे हे ज्योतिषी. केशवाचा ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ शके १४१८ मधील (इ.स. १४९६). सूर्यसिद्धांत, आर्यपक्ष, ब्राह्मपक्ष यांवरून ग्रहांची जी स्थाने निघतात ती परस्परांशी जुळत नाहीत, आणि आकाशाशीही सर्वस्वी जुळत नाहीत, हे केशवाने स्वतः वेध घेऊन पाहिले आणि आपल्या टीकेत नमूद करून ठेवले. पुढे होणाऱ्या चांगल्या गणकांनीही ग्रहांची व नक्षत्रांची युती, उदय, अस्त आदी पाहून आपापल्या काळी गणित सुधारून घ्यावे, असा त्याचा अभिप्राय आहे. प्राचीन ग्रंथाविषयी आदर आणि त्यातील चूक काढण्याची तयारी या दोन गोष्टी त्या वृत्तीत एकत्र नांदतात.

मुलाने पित्याचेच काम पुढे नेले. गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’त (शके १४४२, इ.स. १५२०) कोणता ग्रह कोणत्या पक्षावरून घ्यावा याचा निर्णय प्रारंभीच दिला आहे. रवी सौरपक्षाचा घ्यावा, चंद्रही सौरपक्षाचाच, परंतु त्यातून ९ कला उणे कराव्या, गुरू आर्यपक्षाचा, शनीही आर्यपक्षाचा, परंतु त्यात ५ अंश मिळवावे, म्हणजे ते दृक्तुल्य होतात, असे तो सांगतो. दृक्तुल्य म्हणजे डोळ्यांस दिसते त्याच्याशी जुळणारे. कोणत्याही एका पक्षाचा अभिमान न धरता, आणि शनीच्या गणितात ५ अंशांची दुरुस्ती आवश्यक आहे हे निःसंकोचपणे सांगून, हा गणक ग्रंथ रचतो. परंपरेतील प्रमाण कोणते, या प्रश्नाचे त्याचे उत्तर आकाश हे आहे.

पण ही कथा येथे संपत नाही. तिचा उत्तरार्ध शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. ग्रहलाघवात गणेशाने भुजज्या-कोटिज्यांचा उपयोग टाळून गणित सुलभ केले. ही त्याची प्रतिभा खरीच; परंतु तिच्यामुळे सूत्र का चालते हे न कळताही सूत्र चालविता येऊ लागले. महाराष्ट्रात व बाहेरही पुढील तीन शतकांहून अधिक काळ पंचांगे ग्रहलाघवावरून होत राहिली. मूळ ग्रंथ ज्या वेधातून जन्मास आला तो वेध घेण्याची चाल मात्र त्या प्रमाणात टिकली नाही. गणक कोष्टके चालवीत, आकाश हळूहळू कोष्टकांपासून दूर जाई, आणि कोष्टकांवर विश्वास मात्र कायम राही. केशवाने पुढील गणकांवर सोपविलेले कर्तव्य जवळजवळ विस्मृतीत गेले. शेवटी १८६५ मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितावर आधारलेले पटवर्धनी पंचांग निघू लागले, तेव्हा शुद्ध गणिताचा पक्ष घेणाऱ्यांनाच परंपराद्रोही ठरविण्यात आले. परंपरेचा खरा वारसा कोणाकडे होता? ग्रहलाघवाची सूत्रे पाठ असणाऱ्यांकडे, की ग्रहलाघवकाराने केले तेच पुन्हा करणाऱ्या छत्र्यांकडे? दीक्षितांच्या ग्रंथाचा कल कोणीकडे आहे याविषयी वाचकास संदेह राहत नाही.

आपल्या अभ्यासक्रमांपुढील धोका नेमका हाच आहे. देशी ज्ञान वर्गात आणताना आपण केशवाचा वेध आणतो, की गणेशानंतरच्या गणकांचे पाठांतर? प्रश्नपत्रिकेत ग्रहलाघवाचा कर्ता आणि शक विचारला, आणि विद्यार्थ्याने तो बरोबर लिहिला, तर त्यास गुण मिळतील. पण तेवढ्याने त्याच्या हाती आलेले ज्ञान हे त्या तीन शतकांतील पाठांतराच्याच जातीचे आहे. परंपरेचा ऱ्हास ज्या कारणाने झाला तेच कारण तिच्या पुनरुज्जीवनाचे साधन म्हणून योजणे, ही विपरीत गोष्ट होय.

(४)

येथे विज्ञानाभिमानी वाचक म्हणेल की, मग सोपी गोष्ट करावी. आधुनिक आकडे घ्यावे, जुने त्यांच्याशी ताडून पाहावे, जुळले तर ठेवावे, न जुळले तर टाकावे. ही पद्धतही पुरेशी नाही. ग्रहलाघवातीलच एक उदाहरण घेऊन ते दाखविता येईल.

संपातबिंदू तारकांच्या मानाने दरवर्षी थोडा मागे सरकतो. यास अयनचलन म्हणतात. आधुनिक मानाने ही गती वर्षास सुमारे ५०.३ विकला आहे. ग्रहलाघवात ती वर्षास ६० विकला, म्हणजे १ कला, धरली आहे. शके ४४४ हे शून्य अयनांशाचे वर्ष मानून इष्ट शकातून ४४४ वजा करावयाचे, की अयनांशाच्या कला आल्या. यावरून ग्रंथरचनेच्या शकास, म्हणजे शके १४४२ ला, ९९८ कला अर्थात १६ अंश ३८ कला अयनांश येतात. आता ५०.३ च्या जागी ६० ही जवळजवळ वीस टक्क्यांची चूक झाली. केवळ ताडून पाहणारा परीक्षक येथे ‘चूक’ असा शेरा मारून पुढे जाईल.

परंतु हे ६० कशाच्या मानाने आहेत, हे पाहिले पाहिजे. सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचे. खरे नाक्षत्र वर्ष ३६५.२५६४ दिवसांचे, आणि ऋतूंचे, म्हणजे सायन, वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे. सूर्यसिद्धांताचे वर्ष नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. अशा वर्षाच्या मानाने संपात किती सरकेल? या वर्षात आणि सायन वर्षात ०.०१६५६ दिवसाचे अंतर पडते. सूर्याची मध्यम दैनंदिन गती ५९ कला ८ विकला धरली, तर तेवढ्या वेळात सूर्य सुमारे ५८.८ विकला चालतो. म्हणजे ज्या वर्षमानाने हे गणक काम करीत होते, त्या मानाने योग्य गती ५८.८ विकला येते. त्यांनी धरली ६०. चूक वीस टक्क्यांची नसून दोन टक्क्यांची आहे. वर्षमानातील दोष वेगळा आणि अयनगतीचा आकडा वेगळा. दोन्ही एकत्र घेतले म्हणजे ऋतूंशी मेळ जवळजवळ बसतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, कोणत्याही ज्ञानपद्धतीतील एखादा आकडा तिच्या इतर अंगांपासून तोडून तपासणे हे अशास्त्रीय आहे. दुसरी, आतून समजून घेतल्यानेही तपासणी टळत नाही. उलट ती अधिक नेमकी होते. साडेतीन मिनिटांचा वर्षमानाचा दोष हा दोषच राहतो. मात्र तो कोठे आहे हे आता आपणास कळले. हे गणित महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास अर्ध्या तासात करता येते. ते करताना तो आधुनिक ज्योतिःशास्त्र शिकतो, जुन्या ग्रंथाचे म्हणणे शिकतो, आणि मोजमापातील दोष एका अंगातून दुसऱ्या अंगात कसा लपतो हेही शिकतो. देशी ज्ञान विज्ञानाच्या तासाचा वेळ खाते, असा जो आक्षेप घेतला जातो, त्यास हेच उत्तर आहे.

(५)

शाळेच्या पातळीवर याहून सोपा विषय हाताशी आहे. मकर संक्रांतीस उत्तरायण लागते, असे आपल्या वर्तमानपत्रांतून, दिनदर्शिकांतून आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतून दरवर्षी येते. सूर्याचे उत्तरेकडे वळणे प्रत्यक्षात २१ किंवा २२ डिसेंबरास होते. आपल्या पंचांगांची संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. दोहोंत सुमारे २४ दिवसांचे अंतर आहे, आणि ते अयनचलनाने पडले आहे. प्रचलित अयनांशमानाने इसवी सन २८५ च्या सुमारास दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होत असत.

या फरकाची जाणीव आपल्या परंपरेस नव्हती असे नाही. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठांच्या आरंभी सांगितला आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत ही जुनी स्थिती नमूद करून, आता उत्तरायण मकरारंभी होते असे सांगितले; आणि सांगितल्याप्रमाणे न घडल्यास तो बदल प्रत्यक्ष परीक्षणाने ओळखावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्या वचनाच्या आधाराने आपण आज संक्रांतीस उत्तरायण म्हणतो, त्या वचनासमवेतच ते तपासून पाहण्याची सूचना आलेली आहे. आपण वचन ठेवले आणि सूचना गाळली.

ही तपासणी कोणत्याही शाळेच्या पटांगणात करता येते. सपाट जमिनीवर वर्तुळ काढून मध्यभागी शंकु, म्हणजे सरळ काठी, उभी करावी. सकाळी छायेचे टोक वर्तुळात शिरते तो बिंदू आणि दुपारनंतर बाहेर पडते तो बिंदू यांना जोडणारी रेषा पूर्वपश्चिम होय. ही रीत आपल्या शुल्बसूत्रांच्या आणि सिद्धांतांच्या परंपरेतील आहे, आणि तिला चुंबकसूची लागत नाही. मग रोज मध्यान्हीची छाया मोजावी. पुण्याच्या अक्षांशावर १२० सेंटिमीटरांच्या काठीची मध्यान्हछाया २१ डिसेंबरास सुमारे १०८ सेंटिमीटर पडते, आणि १४ जानेवारीस सुमारे १०० सेंटिमीटर. आठ सेंटिमीटरांचा हा फरक पाचवीतील मुलासही फूटपट्टीने दिसतो. छाया सर्वांत लांब कोणत्या दिवशी होती, हे एकदा त्याने मोजले, म्हणजे उत्तरायण केव्हा लागते हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. पुढे मार्चच्या २० किंवा २१ तारखेस त्याच काठीची मध्यान्हछाया ४० सेंटिमीटरांच्या आसपास येते. काठीचे बारा भाग कल्पिले तर ती छाया चार भागांची, म्हणजे जुन्या परिभाषेत पुण्याची पलभा सुमारे ४ अंगुळे होय, आणि तिच्यावरून गावाचा अक्षांश काढता येतो.

या प्रयोगाने काहींच्या भावनांस धक्का बसेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तीळगूळ १४ जानेवारीस वाटण्यास खगोलशास्त्राची हरकत नाही. सणाची तिथी हा समाजाच्या संमतीचा विषय आहे. अयनाची तिथी मात्र संमतीने ठरत नाही. दीक्षित स्वतः सायन गणनेचे पुरस्कर्ते होते, आणि पंचांगे ऋतूंशी जुळलेली असावीत असा त्यांचा आग्रह होता. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात नागरी व्यवहारासाठी सायन वर्षच सुचविले, आणि २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९, पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अंमलात आली. ती जनव्यवहारात रुजली नाही. जेथे मध्यान्हछाया कोणी मोजतच नाही, तेथे ऋतूंशी जुळणाऱ्या वर्षाची गरज कोणास भासणार?

(६)

दीक्षितांच्या ग्रंथाची थोरवी मान्य करूनही त्याची एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्याचा मुख्य आधार लिखित परंपरा हा आहे. ज्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत त्यांचे आकाश त्यात जवळजवळ येत नाही. आज ‘देशी ज्ञान’ म्हणजे संस्कृत ग्रंथांतील ज्ञान असे समीकरण अभ्यासक्रमांतही रूढ होत असल्यामुळे ही मर्यादा अधिक जाणवते.

शेतकऱ्याचे पर्जन्यगणित घ्या. मृग, आर्द्रा, पुनर्वसू यांपासून हस्तापर्यंतच्या सूर्यनक्षत्रांवर महाराष्ट्रातील पेरणी, लावणी व काढणी यांचे ठोकताळे बसविलेले आहेत. सूर्य मृगात शिरतो तो आज ७ किंवा ८ जूनच्या सुमारास, आणि हवामानखात्याच्या २०२० पासूनच्या मानाप्रमाणे मुंबईस मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. मेळ उत्तम आहे. परंतु वर सांगितलेले गणित येथे लावून पाहावे. सूर्यसिद्धांताच्या वर्षमानाने नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने दर ६० वर्षांस एक दिवस पुढे सरकतो. म्हणजे गणेश दैवज्ञाच्या काळी मृग आजच्या मानाने मेअखेरीस, आणि वराहमिहिराच्या काळी मेच्या मध्यास लागत असला पाहिजे. मोसमी वाऱ्यांचा काळ तेव्हा मूलतः वेगळा नव्हता असे धरले, तर मृग आणि पाऊस यांची आजची सांगड त्या काळी तशीच असणे शक्य नाही. मग ती केव्हा बसली? कोणी बसविली? ग्रंथांत या दुरुस्तीची नोंद शोधून उपयोग नाही. ती शेताच्या बांधावर, पिढ्यापिढ्यांच्या अनुभवाने, नकळत झाली असली पाहिजे. केशवाने नांदगावी समुद्रकाठी जे जाणूनबुजून केले तेच कुणब्याने न बोलता केले. दृक्प्रत्ययाची परंपरा ग्रंथकारांपुरती नव्हती, असा याचा अर्थ होतो.

असे ज्ञान गोळा करण्याचे थोडे प्रयत्न झाले आहेत. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड समाजाच्या खगोलविषयक कल्पनांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत ऋषी न पाहता खाट, आणि उरलेल्या तिघांत ती पळवू पाहणारे चोर पाहणारी ही कल्पना मराठी खेड्यांतील ‘बाजले’ या कल्पनेशी जुळते. तिला पौराणिक नावापेक्षा कमी मोलाची समजण्याचे कारण नाही. मात्र अशा संग्रहातही यादीचाच धोका आहे. कोणत्या ताऱ्यास काय म्हणतात एवढेच टिपून थांबले, तर लोकांचे ज्ञान संग्रहालयातील वस्तू होते. त्या ताऱ्यावरून कोणते काम ठरते, अंदाज चुकला तेव्हा काय करतात, आणि वाडवडिलांच्या वेळेपेक्षा आता काय बदलले असे त्यांस वाटते, हे प्रश्न विचारले तरच त्या ज्ञानातील दुरुस्तीची प्रक्रिया हाती लागते. सांगणाऱ्यास केवळ माहितीचा स्रोत न मानता आपल्यासारखाच निरीक्षक मानणे, ही त्यासाठी पहिली अट आहे.

(७)

या निकषाने आज वर्गात येऊ पाहणाऱ्या सामग्रीची निवडही करता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने चांद्रयान-३ विषयी काढलेल्या पूरक पाठात ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा उल्लेख प्राचीन विमानविद्येचा दाखला म्हणून आला, आणि त्यावर टीका झाली. या ग्रंथाची परीक्षा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली होती. भाषेवरून आणि इतर पुराव्यांवरून ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही, आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निर्णय आहे. वर्गात ठेवण्यासारखे काही असेल तर ते हे परीक्षण होय. त्यात वचन, अर्थ, गणित आणि पडताळा या दीक्षितांच्याच चार पायऱ्या दिसतात. चुकीच्या ग्रंथाची योग्य परीक्षा ही खऱ्या ग्रंथाच्या पाठांतरापेक्षा अधिक शिकविते.

हा वाद आपल्याच देशापुरता नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी ज्ञानास शालेय अभ्यासक्रमात विज्ञानाच्या बरोबरीचे स्थान द्यावे काय, यावर जुलै २०२१ मध्ये ऑकलंड विद्यापीठातील सात प्राध्यापकांनी एका साप्ताहिकात पत्र लिहिले, आणि त्यावरून मोठे वादळ उठले. तेथील परिस्थिती निराळी आहे. जिंकल्या गेलेल्या लोकांच्या भाषेचा व सन्मानाचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे, आणि आपले निष्कर्ष त्यावर लादणे योग्य होणार नाही. तथापि त्या वादाचा बराच भाग दर्जाभोवती फिरला, हे आपणास उद्बोधक आहे. दोन ज्ञानांचा दर्जा ठरवावयाचा म्हटले की दोन्ही पूर्ण झालेल्या वस्तू आहेत असे गृहीत धरावे लागते. केशवाने हा प्रश्न विचारला नाही. सूर्यसिद्धांत श्रेष्ठ की आर्यपक्ष, हे न ठरविता आज शनी कोठे दिसतो, हे त्याने पाहिले.

म्हणून देशी ज्ञानाचा पाठ निवडताना अभ्यासमंडळांनी प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाहाव्या, असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यास तो स्वतः पडताळून पाहता येतो काय? त्या ज्ञानाविषयी परंपरेत झालेला मतभेद त्यास दाखविला आहे काय? आणि ते ज्ञान कोठे चुकले व कोणी सुधारले, हे सांगितले आहे काय? या तिन्ही प्रश्नांस होकारार्थी उत्तर देणारी सामग्री थोडी असेल. पण ती आहे, आणि तिच्यातील बरीच मराठीत आहे. तिची मांडणी करण्याचे काम इतिहासकार, गणिती, भाषेचे अभ्यासक आणि शेतीतील जाणकार यांनी एकत्र बसून करावयाचे आहे. ५ टक्के श्रेयांकांची तरतूद झाली आहे. त्या अवधीत विद्यार्थी यादी पाठ करणार, की पटांगणात काठी उभी करून छाया मोजणार, हे शिक्षकांच्या निवडीवर अवलंबून आहे. एका शाळामास्तराने १८९६ मध्ये आपली निवड केली होती. तिचा ग्रंथ आपल्या ग्रंथालयांत आहे, आणि तो केवळ संदर्भासाठी काढण्यापेक्षा वर्गासाठी काढण्याची वेळ आली आहे.